अर्ली चाइल्डहूडची पदवी घ्यायला मेलबर्नला निघण्याआधी

तू लिहिलंस की होम सायन्स झालंय, नागपूरच्या प्रतापनगरात एका प्ले-स्कूलमध्ये शिकवून राहिलीस, नवरा आणि साडेतीन वर्षांची लेक सोबत येणार आहेत. मेलबर्नला अर्ली चाइल्डहूडचा, म्हणजे लहान मुलांच्या शिक्षणाचा, एक वर्षाचा ग्रॅज्युएट डिप्लोमा करू की दोन वर्षांचं मास्टर्स, हा तुझा प्रश्न. फी, व्हिसा, बँकेत किती पैसे दाखवायचे हे सरकारी वेबसाइटवर आहे आणि धरमपेठेतला कोणताही एजंटही सांगेल. त्यात मी शिरत नाही. पण मी स्वतः तिथे हेच शिकलेय, म्हणून तुझा प्रश्न वाचल्यापासून डोकं तिथेच अडकलंय.

युनिव्हर्सिटीच्या नावावर जाऊ नकोस. पदवी कोणत्या वयाच्या मुलांसाठी आहे ते बघ. जन्म ते पाच वर्षांवाली घेतलीस तर चाइल्डकेअर आणि किंडर, म्हणजे तिथली बालवाडी; जन्म ते बारा वर्षांवाली घेतलीस तर प्रायमरी शाळेचंही दार उघडं राहतं. पुढे कंटाळशील की नाही हे आज तुला कळणार नाही, म्हणून दार उघडं असलेलं बरं. दुसरं, प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष मुलांसोबत शिकवण्याचा सराव, किती दिवसांची आणि त्यात अगदी तान्ह्या मुलांसोबत किती, हे लेखी विचार. पुढे तिथे स्थायिक व्हायच्या व्हिसासाठी शिक्षिका म्हणून पात्रता तपासतात, त्या स्किल असेसमेंटला देखरेखीखाली शिकवल्याचे किमान ४५ दिवस मागतात. या दिवसांचे पैसे मिळत नाहीत. जुलै २०२५ पासून सरकार प्लेसमेंटला भत्ता देतं, पण तो तिथल्या विद्यार्थ्यांना, आपल्याला नाही.

इंग्रजीचं तर मला फार लागलं. असेसमेंटला चार वर्षांचं उच्च शिक्षण लागतं आणि आपली भारतातली पदवीची तीन वर्षं त्यात धरतात. पण इंग्रजीच्या परीक्षेतून सूट हवी तर ती चारही वर्षं ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इंग्लंड, अमेरिका अशा ठराविक देशांत झालेली पाहिजेत. म्हणजे तिथल्याच युनिव्हर्सिटीत इंग्रजीत शिकून, तिथल्याच मुलांना इंग्रजीत शिकवूनही मला आयईएलटीएसला बसावं लागलं, आणि ऐकण्या-बोलण्यात ८, वाचन-लेखनात ७ आणावे लागले. दोन वर्षांचं मास्टर्स केलंस तरी यातून सुटका नाही. आत्तापासून तयारी ठेव.

कागदांचं एकच सांगते. माझ्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग बाबांचं. पासपोर्टवर सासरचं आडनाव. ॲडमिशनच्या वेळी युनिव्हर्सिटीच्या सिस्टीमने माहेरच्या आडनावालाच माझं नाव धरलं. प्रतिज्ञापत्र पाठवलं तर लग्नाचा दाखला मागितला, दाखला पाठवला तर त्याचं प्रमाणित भाषांतर मागितलं, आणि प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला 'डिअर' पुढे बाबांचं आडनाव. नागपुरात आहेस तोवर हे सगळं एका नावावर करून घे.

काम कसं असतं हे एजंट सांगत नाही. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, तीन वर्षांखालच्या चार मुलांमागे एक बाई, त्यावरच्या अकरामागे एक. नॅपी बदलताना हातमोजे, टेबल पुसणं, वेळ लिहिणं. उन्हात न्यायच्या आधी प्रत्येकाला सनस्क्रीन, आणि टोपी नसेल त्याने सावलीत खेळायचं. आणि निरीक्षण लिहायचं. 'मुलगा हुशार आहे' असं चालत नाही. 'त्याने चार ठोकळे रचले, पाचवा पडला, तेव्हा खालचा काढून तिथे मोठा ठेवला' असं लिहायचं आणि उद्या त्याला काय द्यायचं तेही. हे मला मनापासून आवडलं, अजूनही आवडतं.

आता मुलीचं. माझा मुलगा तिच्याच वयाचा होता. घरी बोलून बोलून डोकं उठवायचा, चाइल्डकेअर सेंटरमध्ये मात्र गप्प. तिथल्या बाईंनी त्याच्या फाइलमध्ये 'बोलत नाही' असं लिहिलं, तपासणीला पाठवा म्हणाल्या, आणि घरी फक्त इंग्रजी बोला असा सल्ला दिला. त्याच आठवड्यात मी वर्गात तिथल्या राष्ट्रीय अभ्यासचौकटीवर टिपणं काढत होते. मुलाची घरची भाषा हा त्याच्या ओळखीचा पाया आहे, असं त्यात स्पष्ट आहे. आम्ही मराठी सोडली नाही. पण त्यानेच हळूहळू सोडली. आज मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो. इतकी वर्षं झाली, पण ती फाइल आठवली की अजून संताप येतो.

एकटेपणा असतो. पहिला हिवाळा कठीण जातो, मग कामात दिवस जातात. याहून जास्त त्याला देऊ नकोस.

मला खरं टोचतं ते वेगळंच. वर्गात माँटेसरी झाल्या, इटलीतली रेज्जो एमिलिया ही बालशिक्षणाची पद्धत झाली. मी असाइनमेंट आपल्याकडच्या बालशिक्षणाच्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांवर लिहिली. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेलं काम, मग कोसबाड, अंगणात भरणारी अंगणवाडी. प्राध्यापकांना ते फार आवडलं. आणि मला वाटत राहिलं की हे सगळं आपल्याकडे होतं, तरी नागपुरात बालवाडीच्या बाईला कोणी शिक्षिका म्हणत नव्हतं, पगार तर सांगायलाच नको. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ३ ते ८ वर्षांचा पायाभूत टप्पा धरलाय हे वाचून बरं वाटलं आणि पोटात तुटलंही. परत यावं का, हा माझा प्रश्न अजून सुटलेला नाही. म्हणून 'मेलबर्नला येऊ का' याचं उत्तर मी तुला देत नाही, फक्त कोर्सचं देते.

मास्टर्स घे. एक वर्षात अभ्यास, प्लेसमेंट आणि नव्या देशात रुळणारं लहान लेकरू हे तिन्ही कोंबू नकोस. आणि लेकीला सेंटरमध्ये घालशील त्या दिवशी एक कागद दे. 'हिची भाषा मराठी आहे आणि ती मराठीत छान बोलते' असं वर लिही. खाली पाणी, शू, भूक, दुखतंय, आई कधी येणार, हे शब्द त्यांना वाचता येतील अशा इंग्रजी अक्षरांत आणि अर्थासकट. हा कागद तिच्या फाइलमध्ये लावायला सांग आणि लावलेला स्वतः बघून ये.