३डी५ ४एस२ दिलंय तर पिरियड ३ का नाही?

तुझा प्रश्न असा आहे की टेस्टमध्ये 'आर्गॉन कोर, ३डी५ ४एस२' दिलं होतं, त्यावरून पिरियॉडिक टेबलमधला पिरियड (आडवी रांग) आणि ग्रुप (उभा रकाना) काढायचा होता, तू पिरियड ३ ग्रुप ५ लिहिलं आणि दोन्ही चुकलं. इथं पहिला आकडा शेलचा, अक्षर सबशेलचं, शेवटचा आकडा त्यातल्या इलेक्ट्रॉनांचा, आणि आर्गॉन कोर म्हणजे आतले आर्गॉनइतके १८ इलेक्ट्रॉन. मी नागपुरात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, दर वर्षी हीच चूक बघून राहिले, मुलं ३डी दिसला की लगेच ३ लिहून मोकळी होतात.

आधी हे बघ की नवीन पिरियड सुरू कधी होतो? नवीन शेल उघडतं तेव्हा. आर्गॉनपाशी १८ इलेक्ट्रॉन झाले, पोटॅशियमचा १९वा ३डीत न जाता ४एसमध्ये जाऊन बसतो, म्हणजे तिथंच चौथी रांग सुरू झाली ना, मग कॅल्शियमनंतर ३डी भरायला लागला तरी रांग चौथीच, थेट क्रिप्टॉनपर्यंत. ३डी आधी लिहिलेला असतो म्हणून फसायला होतं. शेलचा सगळ्यात मोठा आकडा शोध, इथं ४, तोच पिरियड.

ग्रुपसाठी ब्लॉक बघायचा, म्हणजे शेवटी कोणता सबशेल भरतोय, एस, पी की डी. एस ब्लॉक असेल तर एसमधले इलेक्ट्रॉन तेवढाच ग्रुप, फक्त हीलियम १एस२ असून १८व्या ग्रुपात बसतो. पी ब्लॉकमध्ये पीच्या इलेक्ट्रॉनांत १२ मिळव. डी ब्लॉकमध्ये डी आणि एसची बेरीज, तू नुसता डी मोजला म्हणून ५ आलं, ५ अधिक २ म्हणजे ग्रुप ७. हा झाला मँगनीज. आपल्या रामटेककडच्या मनसर, कांद्रीच्या खाणीतून निघतो तोच, मँगनीज काढणाऱ्या मॉईल या सरकारी कंपनीचं हेड ऑफिस इथंच काटोल रोडला आहे. वर्गात मी नेहमी याच्यापासूनच सुरुवात करते, आपल्या जमिनीतला एलिमेंट मुलांच्या डोक्यात पक्का बसतो.

क्रोमियम ३डी५ ४एस१ अन् कॉपर ३डी१० ४एस१ पाहून घाबरू नको, बेरीज ६ आणि ११ येते, ग्रुप बरोबरच निघतो.

पडताळा पण करून बघ, मला हा फार आवडतो. चौथ्या आणि पाचव्या पिरियडमध्ये ॲटॉमिक नंबरमधून आधीच्या नोबल गॅसचा नंबर (आर्गॉन १८, क्रिप्टॉन ३६) वजा केला की ग्रुप मिळतो. मँगनीज २५ वजा १८, ७. ब्रोमीन ३५ वजा १८, १७. पॅलेडियम ४६ वजा ३६, १०, आणि हा लक्षात ठेव, कारण त्याचं कॉन्फिगरेशन क्रिप्टॉन कोर, ४डी१०, ५एस रिकामा, मोठा आकडा ४ दिसतो पण पिरियड ५ आहे. सहाव्या पिरियडपासून मध्ये एफ सबशेलचे १४ इलेक्ट्रॉन येतात, तिथं ही वजाबाकी सरसकट चालत नाही.

अजून एक, आयन (इलेक्ट्रॉन गमावलेला किंवा घेतलेला ॲटम) दिला असेल तर आधी चार्ज बघून न्यूट्रल ॲटम कर. नुसतं ३डी५ हे मँगनीजच्या २+ चं पण आहे अन् आयर्नच्या ३+ चं पण, चार्ज न बघता ग्रुप काढला तर तो चुकणारच.