ज्यांच्यावर औषध चाललं नाही, त्यांच्याकडे बघ

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पीएचडीसाठी कर्करोग आणि प्रतिकारशक्ती हाच विषय घ्यायचं तू ठरवलं आहेस. त्यातही तुला कार-टी पेशींवरच, म्हणजे कर्कपेशी ओळखाव्यात म्हणून जनुकं बदललेल्या टी-पेशींवरच (टी-पेशी म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या लढाऊ पांढऱ्या पेशी), काम करायचं आहे, कारण ‘सध्या सगळं तिथेच घडतंय’. विषय उत्तम आहे, पण हे कारण मला पुरेसं वाटत नाही. प्रश्न गाजतोय म्हणून घेतलास, तर गाजावाजा ओसरल्यावर तुझ्या हातात काय उरेल? या क्षेत्रात शोधण्याजोगे प्रश्न बऱ्या झालेल्या रुग्णांपेक्षा बऱ्या न झालेल्या रुग्णांपाशी जास्त सापडतात. मला सांगायचं आहे ते एवढंच. मी असं का म्हणते, ते बाकीच्या पत्रात सांगते.

स्कॉटलंडमधली एक घटना २००३ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. एका स्त्री-दात्याची दोन मूत्रपिंडं दोन वेगवेगळ्या रुग्णांना बसवली होती, आणि पुढे त्या दोघांनाही मेलानोमा (रंगपेशींचा, बहुधा त्वचेत सुरू होणारा कर्करोग) झाला. चौकशी केल्यावर कळलं, की दात्याचं सोळा वर्षांपूर्वी मेलानोमाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतर तिला त्याचा काहीच त्रास नव्हता. म्हणजे त्या पेशी सोळा वर्षं तिच्या शरीरात होत्या आणि तिच्या प्रतिकारयंत्रणेने त्यांना डोकं वर काढू दिलं नव्हतं. त्याच पेशी अशा शरीरात गेल्या, जिथे मूत्रपिंड टिकावं म्हणून औषधांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली होती, आणि तिथे त्या वाढल्या. या घटनेचा सर्वांत पटणारा अर्थ हाच आहे.

हे वाचून मनात ठेव, कारण कर्करोग म्हणजे केवळ बेसुमार वाढणारी पेशी, हे पदवीच्या पुस्तकातलं चित्र अर्धंच आहे. सेंट लुईसचे रॉबर्ट श्रायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली उंदरांवर दाखवलं, की लिम्फोसाइट (टी-पेशींसारख्या लढाऊ पेशी) नसलेल्या प्राण्यांत गाठी जास्त होतात. शिवाय त्या गाठी दुसऱ्या, निरोगी उंदरात बसवल्या तर बऱ्याचदा टिकत नाहीत. उलट सशक्त प्रतिकारशक्ती असलेल्या उंदरात वाढलेली गाठ मात्र चिवट निघते, कारण प्रतिकारयंत्रणेच्या तावडीतून सुटलेल्या पेशींपासूनच ती बनलेली असते. आपल्यासमोर रुग्ण येतो तेव्हा त्याच्या गाठीने ही लढाई एकदा जिंकलेली असते. ती कशी जिंकली, हे प्रत्येक गाठीला वेगळं विचारावं लागतं.

आता टी-पेशींवरचा ब्रेक काढणाऱ्या औषधांकडे येते. त्यांचा इतिहास तुला माहीत असेल, पण एका बाजूने पुन्हा बघ. जेम्स ॲलिसन टी-पेशी कशी काम करते हे शोधत होते. सीटीएलए-४ हे प्रथिन टी-पेशीला थांबवतं हे ध्यानात आल्यावर, तो लगाम सोडला तर उंदरातली गाठ जाते का, हे त्यांनी पाहिलं. हा शोधनिबंध १९९६ चा, आणि त्यातून आलेलं औषध, इपिलिमुमॅब, अमेरिकेत मंजूर झालं २०११ साली. मधली वर्षं कंपन्यांना पटवण्यात आणि चाचण्यांत गेली. क्योतोमध्ये तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेला १९९२ मध्ये पीडी-१ हे टी-पेशींना थांबवणारं दुसरं प्रथिन सापडलं, ते पेशी स्वतःहून कशा मरतात याचा शोध घेताना. कर्करोगाचा तिथे संबंधही नव्हता. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. शिमोन साकागुची यांचं उदाहरण तर मला अधिक जवळचं वाटतं. प्रतिकारशक्तीला आवरणाऱ्या टी-पेशी असतात, ही कल्पना ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जवळजवळ बदनाम झाली होती. त्यांनी ती सोडली नाही, आणि १९९५ मध्ये अशा पेशी वेगळ्या करून दाखवल्या. मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांच्यामागचं जनुक शोधलं. तिघांना २०२५ मध्ये नोबेल मिळालं. यांतलं कुणीही ‘सध्या सगळं घडतंय’ अशा जागी उभं नव्हतं.

पसरलेल्या मेलानोमाचे बहुतेक रुग्ण पूर्वी वर्षभरही काढत नसत. इपिलिमुमॅब आणि पीडी-१ रोखणारं निवोलुमॅब एकत्र दिलेल्या रुग्णांचा दहा वर्षांचा पाठपुरावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला: ४३ टक्के रुग्ण जिवंत. हा आकडा वाचताना मला आजही आनंद होतो. पण तू उरलेल्या ५७ टक्क्यांवर बोट ठेव. तेच औषध, तोच आजार, आणि तरीही गाठ हलली नाही, किंवा हलली आणि परत आली. का?

गुदाशयाच्या कर्करोगाचं उदाहरण याहून बोलकं आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात डोस्टारलिमॅब नावाचं पीडी-१ रोखणारं औषध देऊन पाहिलं. २०२२ मध्ये पहिल्या १२ रुग्णांचे निकाल आले आणि २०२५ पर्यंत ४९ रुग्णांचे. सगळ्यांच्या सगळ्या गाठी दिसेनाशा झाल्या. ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही. वर्तमानपत्रांत चमत्कार म्हणून बातम्या आल्या. या सर्व रुग्णांत एक समान गोष्ट होती: त्यांच्या गाठींमध्ये डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली होती. त्यामुळे जनुकांत हजारो बदल, त्यातून परकी वाटणारी प्रथिनं, आणि टी-पेशींना ओळख पटवायला भरपूर खुणा. पण गुदाशयाच्या कर्करोगांत अशा गाठी जेमतेम ५ ते १० टक्के असतात. उरलेल्या नव्वदांमध्ये हेच औषध एकटं दिलं तर जवळजवळ काहीच होत नाही. अवयव तोच, मग गाठीत टी-पेशी शिरत का नाहीत? शिरल्या तर थकतात का? की ओळखायला काही नाहीच? तुझ्या पाच वर्षांना पुरून उरेल असा प्रश्न इथे आहे.

कार-टी बद्दलही हेच. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या लहान मुलीला रक्ताच्या कर्करोगासाठी या पेशी दिल्या आणि ती अत्यवस्थ झाली. तिच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ हे दाह भडकवणारं प्रथिन खूप वाढल्याचं कळलं. हा उपचार घडवणाऱ्या कार्ल जून यांना टोसिलिझुमॅब हे इंटरल्यूकिन-६ रोखणारं संधिवातावरचं औषध माहीत होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणी संधिवात झाला होता. ते दिलं आणि एमिली वाचली. कर्करोगावर काम करणाऱ्याने संधिवाताचं वाचलं नसतं तर हा उपचार कदाचित तिथेच थांबला असता. म्हणून तुला म्हणते, आपल्या विषयाबाहेरच्या सेमिनारला जाऊन बसत जा. आता उलटा प्रवासही सुरू आहे: जर्मनीत एर्लांगेनला ल्युपसच्या (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजाराच्या) रुग्णांना याच पेशी देऊन आजार आटोक्यात आणला गेला.

आणि आपल्याकडचं काम तर तुझ्या दारातच आहे. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत सुरू झालेलं, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी खारघर आणि परळला रुग्णांवर पारखलेलं नेक्सकार-१९, हा रक्ताच्या कर्करोगावरचा कार-टी उपचार. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. अमेरिकेत पहिल्या कार-टी उपचाराची किंमत २०१७ साली ४ लाख ७५ हजार डॉलर ठेवली होती. हा उपचार साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्यात होतो. तरीही सामान्य घराला तो परवडत नाही, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. २०२५ मध्ये लॅन्सेट हेमॅटॉलॉजीत निकाल आले. ज्यांचा प्रतिसाद मोजता आला त्यांतल्या सुमारे ७३ टक्के रुग्णांत आजार मागे हटला. मला याचा अभिमान वाटतो. पण बाकीच्यांचं काय झालं? आणि बरे होऊन पुन्हा आजारी पडलेल्यांचं? काहींच्या कर्कपेशी सीडी-१९ ही, कार-टी ज्यावरून त्यांना ओळखते ती, खूणच पुसून टाकतात, काहींच्या शरीरातल्या कार-टी पेशी लवकर नाहीशा होतात. या दोन अपयशांची कारणं पूर्ण वेगळी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे असणार. स्तन, फुप्फुस, स्वादुपिंड यांच्या घट्ट गाठींमध्ये तर कार-टी अजून अडखळतेच आहे. तुला कार-टी करायचीच असेल, तर यांपैकी एक अपयश निवड आणि त्याच्या मागे लाग. अजून एक नवी रचना बनवून उंदरात गाठ लहान झाल्याचा आलेख काढणारे पुष्कळ आहेत.

आता औषध किती द्यावं, म्हणजे मात्रेविषयी, थोडं जास्त लिहिते, कारण तुझ्या वयाच्या मुलांना हा प्रश्न ‘विज्ञान’ वाटत नाही. निवोलुमॅबची नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. पण अगदी सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसलं होतं, की फार कमी मात्रेतही टी-पेशींवरचे पीडी-१ रिसेप्टर मोठ्या प्रमाणात व्यापले जातात. मग इतकं औषध कशासाठी? टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या पुढे गेलेल्या कर्करोगात दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तेही तोंडाने घ्यायच्या तीन स्वस्त औषधांच्या जोडीला. १५१ रुग्णांची ही चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत वर्षभरानंतर १६.३ टक्के रुग्ण हयात होते, निवोलुमॅब जोडलेल्यांत ४३.४ टक्के. तंबाखू, गुटखा, मशेरी यांनी तोंडाचे कर्करोग घराघरांत पोहोचवलेल्या आपल्या राज्यात या निकालाचं मोल काय, ते तुला सांगायला नको. मात्र इथे थांब आणि नीट वाच. या चाचणीत कमी मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी नव्हती. औषध दिलेले आणि न दिलेले यांची होती. म्हणून ‘कमी मात्रा पूर्ण मात्रेइतकीच चांगली’ असं त्यातून सिद्ध होत नाही. ज्याला पूर्ण मात्रा परवडणारच नाही त्याला नुसत्या गोळ्या देण्यापेक्षा हे कितीतरी बरं, एवढं मात्र ठामपणे सिद्ध होतं. ही दोन वाक्यं तुला वेगळी करता आली पाहिजेत, आणि रुग्णाच्या मुलालाही समजावून सांगता आली पाहिजेत.

वाचनाचं म्हणशील तर, नामांकित नियतकालिकात आलंय म्हणून मान डोलावू नकोस. रक्तातल्या जंतूंच्या डीएनएवरून कर्करोग ओळखता येतो, असा २०२० मध्ये नेचरमध्ये आलेला गाजलेला निबंध २०२४ मध्ये मागे घेतला गेला. मूळ माहितीच्या विश्लेषणातच दोष होते, आणि ते दुसऱ्यांनी तीच माहिती पुन्हा तपासल्यामुळे उघड झाले. कर्करोगाच्या जीवशास्त्रातले ५३ गाजलेले निबंध पुन्हा करून पाहण्याचा एक मोठा प्रकल्प २०२१ मध्ये संपला. ठरवलेल्या १९३ प्रयोगांपैकी ५० च करता आले, कारण बऱ्याचदा कृती पुरेशी लिहिलेली नव्हती किंवा मूळ माहिती आणि साहित्य मिळालं नाही. जे झाले त्यांत दिसलेला परिणाम मूळ दाव्यापेक्षा बहुतेक वेळा बराच लहान निघाला. तुझी प्रयोगवही अशी लिही, की खोलीत तू नसतानाही कुणीतरी तो प्रयोग करू शकेल. संख्याशास्त्र दुसऱ्यावर सोपवू नकोस, स्वतः शीक. आणि पॅथॉलॉजीच्या विभागात जाऊन स्लाइड बघायला शीक. गाठीच्या कडेला टी-पेशी कशा थबकलेल्या असतात, हे डोळ्यांनी पाहिल्यावर जे कळतं ते तक्त्यांतून कळत नाही.

आणखी एक गोष्ट होणार आहे, तिची तयारी ठेव. तू या विषयात आहेस हे कळलं की नातेवाईक, शेजारी फोन करतील. ‘आमच्या काकांना इम्युनोथेरपी चालेल का?’ प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरींबद्दलही विचारतील. सगळ्यांचं शांतपणे ऐक. प्रतिकारशक्ती नुसती ‘वाढवून’ गाठ जात नाही. ही औषधं तिचा लगाम सोडतात, आणि सुटलेली यंत्रणा कधी आतड्यांवर, कधी थायरॉइडवर, क्वचित हृदयावरही उलटते, हे त्यांना सांग. औषध सुचवू नकोस. डॉक्टरांना कुठल्या तपासण्यांबद्दल विचारायचं, गाठीची दुरुस्ती-यंत्रणा तपासली आहे का, पीडी-एल१ (गाठीवरचं, पीडी-१ चा ब्रेक दाबणारं प्रथिन) पाहिलं आहे का, हे कागदावर लिहून दे. घाबरलेल्या माणसाला एवढी मदतसुद्धा फार मोठी वाटते.

आता काम. लगेच अर्ज भरू नकोस. तुझ्या मार्गदर्शकांची परवानगी घेऊन काही आठवडे बाह्यरुग्ण विभागात मागच्या खुर्चीवर बस. मग मला एक पान लिहून पाठव. कुठली पद्धत वापरणार, कुठलं यंत्र, हे त्यात अजिबात नको. कुठल्या रुग्णांवर कुठला उपचार चालला नाही आणि तो का चालला नसावा असं तुला वाटतं, एवढंच लिही. उपचाराआधीचे आणि नंतरचे असे दोन्ही नमुने तुला कुठून मिळतील, हेही त्यातच असू दे. नंतरचा नमुना कुणी जपून ठेवलेला नसेल तर प्रश्न कितीही चांगला असला तरी अडून बसेल. आणि एथिक्स कमिटीच्या परवानगीला किती वेळ लागतो, ते तिथल्या कारकुनाला आत्ताच विचारून घे.

कळावे. अनेक आशीर्वाद.

तुझी
मॅडम