१००० पीपीएमच्या (१ पीपीएम म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम) जीए (जिबरेलिक ॲसिड, द्राक्षावर फवारायचं वाढ-संजीवक) द्रावणातून २० लिटर पंपासाठी २० पीपीएमची फवारणी कशी करायची?

४०० मिली द्रावण घ्या आणि पाणी घालून एकूण २० लिटर करा.

पाणी वाढलं तरी आतलं जीए तेवढंच राहतं, सगळं गणित याच्यावरच आहे. म्हणून आधीची तीव्रता गुणिले आधीचं आकारमान बरोबर नंतरची तीव्रता गुणिले नंतरचं आकारमान. तुमच्या बाबतीत २० × २० ÷ १००० = ०.४ लिटर.

चूक होते ती 'नंतरच्या आकारमाना'त. समजा, ३० पीपीएमचं १० लिटर उरलंय आणि त्यात ५ लिटर पाणी ओतलं. भागायचं १५ ने, ५ ने नाही: ३०० ÷ १५ = २० पीपीएम. पाच ने भागलंत तर ६० येतं, म्हणजे पाणी घालून द्रावण तीव्र झालं! बारावीची मुलंही इथेच मार्क घालवतात.

आमच्याकडे दिंडोरीत मूळ द्रावण बनवताना जीएची पूड थेट पाण्यात टाकली की गुठळ्या तरंगतात. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवा, मगच पाणी. गुठळी राहिली तर हिशोब बरोबर असूनही द्राक्षाच्या घडाला कमी-जास्त डोस बसतो. आणि मिली मोजायला मापपात्रच घ्या, बाटलीचं झाकण नको.