वाचक विचारतात: पूर ओसरल्यावरची घाई

चिपळूणजवळच्या गावातून एक वाचक: पुराचं पाणी कठड्यावरून आमच्या परसातल्या चिऱ्याच्या विहिरीत गेलं. पंप लावून एका दिवसात उपसून टाकायचा विचार आहे. नंतर ब्लीचिंग पावडर किती घालू?

आधी तो पंप बाजूला ठेवा. रस्त्यावरचं पाणी ओसरलं, तरी विहिरीभोवतीची जमीन अजून तुडुंब असते आणि ती बाहेरून चिऱ्यांना रेटत असते. आतलं पाणीच त्या बांधकामाला टेकू देतं. ते एका दमात उपसलं की कोरडे रचलेले चिरे पोटाकडे सुटतात, आणि एक थर सुटला की वरचे पाठोपाठ येतात. एवढं करून हाती काही लागत नाही ते वेगळंच, कारण जमिनीतलं गढूळ पाणी रातोरात परत झिरपतं. जवळचा पऱ्या, म्हणजे ओढा, नेहमीच्या पातळीला येईपर्यंत थांबा, मग रोज थोडं थोडं उपसून गाळ काढा. डिझेलचा किंवा पेट्रोलचा पंप विहिरीत उतरवायचा नाही. त्याचा धूर तळाशी साचतो आणि गाळ काढायला उतरलेला माणूस वर येत नाही.

तोवर निर्जंतुकीकरण करायला हरकत नाही. आधी विहिरीत पाणी किती ते काढा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये. व्यास ३ आणि पाणी ४ मीटर असेल तर २८.२६ घनमीटर, म्हणजे साधारण २८,००० लिटर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर पुरते. पुराच्या पाण्यातला गाळ आणि कुजका पाला क्लोरीन खाऊन टाकतो, म्हणून सुरुवात ५ ग्रॅमने करा. तुमच्या विहिरीला १४० ग्रॅम झाले.

पावडर सरळ विहिरीत भिरकावू नका. प्लास्टिकच्या एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त घ्यायची नाही, म्हणून १४० ग्रॅमला दोन बादल्या. आधी थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, मग बादली पाऊण भरून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोराने पाण्याखाली सोडा आणि पोहऱ्यासारखी खालीवर हलवा. खालचा चुना विहिरीत टाकलात तर पाणी फक्त जड होतं. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलंय ते रंगावरून दाखवणारी चाचणी, घ्या. पिवळा रंग ०.५ पीपीएमच्या (लिटरला अर्धा मिलिग्रॅम) खुणेपर्यंत आला नाही, तर तेवढीच पावडर पुन्हा. पावडर गोळे झालेली आणि वास उडालेली असेल तर कितीही घातली तरी ती चुनाच.

पाणी गढूळ आहे तोवर पिण्याचं पाणी फडक्यातून गाळून खळखळ उकळवा. पाण्याला डिझेलचा वास येत असेल किंवा वर तवंग असेल, तर ते उकळूनही पिऊ नका. तेल ब्लीचिंगने जात नाही.

राजापूरचे एक दुकानदार: अर्जुना आणि कोदवलीचं पाणी पेठेत येतं. माल कधी हलवायचा, याचा काही अंदाज बांधता येतो का?

घाटमाथ्यावरचा पाऊस आणि खाडीची भरती हे दोन्ही एकत्र बघा. खाडी चढत असताना नदीला वाट मिळत नाही, पाणी मागे तुंबतं. वेळेसाठी जुना हिशेब आजही चालतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला ३ वाजता भरती, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीच्या मुखापासून आत यायला पाण्याला आणखी वेळ लागतो तो धरा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट म्हणजे पावणेदहा. सकाळी शहरात पाणी असताना समुद्रही चढत होता आणि पौर्णिमेचं उधाण दोन दिवसांवर होतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरतीचा रेटा कमी.

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे सर्वांत वरचा वर्ग. त्याचा इशारा असेल आणि तिथी एकादशी ते तृतीयेमधली असेल, तर माल संध्याकाळीच वर न्या. रात्री दोन वाजता गोणी उचलायला माणूस मिळत नाही. खालच्या फळीवर साखर, मीठ, सिमेंट नको. स्टीलची भांडी राहिली तरी चालतील, ती धुता येतात.

गुहागरहून: पंप बुडाला होता. चार दिवस उन्हात ठेवला, आता चालू करू?

नको. खाडीचं पाणी शिरलं असेल तर वाइंडिंगवर मीठ राहतं, आणि मीठ हवेतला ओलावा ओढतं. वरून कोरडा दिसणारा पंप त्यामुळेच बटण दाबताच जळतो. तो उघडून गोड्या पाण्याने धुवायचा, वाळवायचा आणि मेगरवर, म्हणजे वीज कुठे गळते का ते दाखवणाऱ्या मीटरवर, इन्सुलेशन तपासूनच चालवायचा. भिजलेले एमसीबी (वीज आपोआप तोडणारे खटके) आणि स्विच वाळवत बसू नका, बदला. स्कूटर बुडाली असेल तर किकही मारू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर सगळं काढून टाका.

महाडहून एक गृहिणी: गणपती महिन्यावर आलेत. भिंती रंगवून घ्यायच्या आहेत.

तुमची घाई समजते, पण जांभ्याची भिंत स्पंजासारखी असते आणि कंबरभर पाण्यात उभी राहिलेली भिंत महिन्यात सुकत नाही. प्लास्टिक पेंट लावलात तर आतला ओलावा अडकतो आणि दिवाळीआधी पापुद्रे सुटतात. हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक दिवस ठेवा. आतून थेंब दिसले तर भिंत ओली आहे. तसं असेल तर फुगलेला गिलावा खरवडून काढा, पंखा लावा, खिडक्या उघड्या ठेवा आणि यंदा साधी चुन्याची सफेदी करा. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो. मखराच्या मागची भिंत तेवढी आधी सुकवा, तिथे पंखा रात्रभर चालू द्या. रंग मार्चमध्ये.