मोजल्याशिवाय तार मेलेली नाही

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. डीबीत काम करताना शॉक बसल्याचं तुझं पत्र मिळालं. (डीबी म्हणजे घरातल्या सर्किटांना वीज वाटणारी पेटी.) त्यातल्या एका ओळीचा आधी राग आला: ‘आता बरं वाटतंय, म्हणून डॉक्टरांकडे गेलो नाही.’ हे पत्र बाजूला ठेव आणि आधी ईसीजी काढून ये. करंट डाव्या हाताच्या बोटांतून शिरला आणि उजव्या कोपरातून लोखंडी डीबीत उतरला, म्हणजे तो छातीतून आडवा गेला. हृदयाचा ठोका बिघडला आहे का, हे आरशात बघून कळत नाही. तू बेशुद्ध पडला नव्हतास, त्यामुळे ईसीजी नीट आला तर बहुधा घरी सोडतील. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. खांदा दुखत असेल तर तेही सांग. शॉकच्या आचक्याने खांदा निखळतो आणि मागच्या बाजूला निखळलेला असला तर पटकन लक्षातही येत नाही. लघवी काळपट तांबूस झाली तर रात्र असली तरी दवाखाना गाठ. स्नायू आतून जळले की त्यांचा गाळ मूत्रपिंडात अडकतो. मोठ्या व्होल्टेजला हे जास्त होतं, पण चिकटून राहिलेल्या माणसाने गाफील राहू नये. बोटावरचा डाग मुगाएवढा आहे म्हणून आतली इजाही तेवढीच, असं समजू नकोस.

आता तुझा प्रश्न. ‘काका, मी एमसीबी बंद केला, टेस्टर लावला, तरी शॉक बसला. मग मी अजून काय करायला हवं होतं? माझंच नशीब फुटकं का?’

नशिबाचा इथे काही संबंध नाही. त्या डीबीत कुणीतरी दोन सर्किटांना एकच न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, दिलेला आहे. तू बंद केलेला सिंगल पोल एमसीबी, म्हणजे जास्त करंटला आपोआप पडणारा एका तारेचा स्विच, फक्त आपल्या सर्किटची फेज (करंट आणणारी तार) तोडतो. दुसऱ्या सर्किटवर दिवे चालू होते आणि त्यांचा परतीचा करंट तू धरलेल्या न्यूट्रल तारेच्या सांध्यातून जात होता. सांधा जुळलेला होता तोवर त्या तारेवर टेस्टर पेटणारच नव्हता, कारण न्यूट्रल पलीकडे अर्थला, म्हणजे जमिनीला, बांधलेला असतो. तू सांधा सोडवलास आणि त्याच क्षणी दिव्यांच्या बाजूचं टोक त्या दिव्यांमधूनच २३० व्होल्टला येऊन बसलं. तू मोजलंस तेव्हा ती तार निरुपद्रवी होती. तू तिला हात लावलास तेव्हा ती दुसरीच तार झाली होती.

म्हणून पुन्हा सांगतो, आणि तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: मोजल्याशिवाय तार मेलेली नाही. सांधा सोडवला, तार कापली, फ्यूज काढला, कुणी मेन स्विचपाशी जाऊन आलं, आपण पाणी प्यायला जाऊन आलो, की आधीचं मोजमाप रद्द. परत मोजायचं. न्यूट्रल सोडवण्याआधी त्यावर क्लॅम्प मीटर (तार न तोडता करंट मोजणारा) लावला असतास तर त्यातून करंट जातोय हे तुला दिसलं असतं. न्यूट्रलला कुणी क्लॅम्प लावत नाही, हे मला माहीत आहे. तू लाव.

आणि तो खिशातला निऑन टेस्टर. त्याचा दिवा तुझ्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या कणभर करंटवर पेटतो. लाकडी शिडीवर कोरड्या रबरी तळाच्या बुटांत उभा असशील तर तो मिणमिणतो. उन्हात पेटलेला दिसत नाही. ‘पेटला नाही’ याचा अर्थ ‘सप्लाय नाही’ असा घेतला, तिथे किती माणसं गेली. दोन टोकांचा टेस्टर वापर किंवा मीटर. तोही आधी चालू पॉइंटवर लावून बघ, मग कामाच्या तारेवर, मग परत त्याच चालू पॉइंटवर. मीटरची लीड आतून तुटलेली असली तरी तो शून्यच दाखवतो. शेवटची तपासणी वगळलीस तर ते शून्य कशाचं होतं, हे तुला कधीच कळणार नाही.

तुझे मिस्त्री म्हणतात, ‘दोन-चार शॉक खाल्ल्याशिवाय वायरमन तयार होत नाही.’ हे वाक्य मीही ऐकत आलो आणि दर वेळी मला त्याची चीड आली. शॉक खाऊन अंग तयार होत नाही. साधारण १० ते १५ मिलिअँपिअरला पंजा आवळला जातो आणि सोडता येत नाही, कारण मूठ मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा बळकट असतात. ५० ते १०० मिलिअँपिअर सेकंदभर छातीतून गेले तर हृदय नुसतं थरथरत राहू शकतं, रक्त पुढे ढकलत नाही. नऊ वॅटच्या एलईडी दिव्यालाही निदान ४० मिलिअँपिअर लागतात. कोरडी कातडी हजारो ओहमचा विरोध करते. घामाने भिजली की तो हजाराच्या आसपास उतरतो, आणि २३० व्होल्टला हजाराने भागलं की येतात ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर, तो तारा वाचवायला बसवलेला असतो. तू त्याच्या हिशेबात येतच नाहीस. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळणारा करंट ओळखून सप्लाय तोडणारा स्विच, तुला ओळखतो, पण करंट तुझ्यातून अर्थला गेला तरच. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला तर त्याच्या लेखी तू एक दिवा आहेस.

तू वाचलास कारण हात कोरडे होते, आचक्याने कोपर सुटलं, आणि ठोक्याच्या ज्या क्षणी हृदय सगळ्यात नाजूक असतं तो क्षण हुकला. यातलं काहीच तुझं कसब नव्हतं. मिस्त्रींचे दोन-चार शॉकही तसेच हुकलेले आहेत. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण त्यांचं ऐकूही नकोस.

हाताला कंप सुटतो, रात्री दचकून जाग येते, म्हणून हे काम आपल्याला झेपणार नाही असं तू लिहिलंस. शॉकमधून वाचलेल्यांची झोप उडते, चिडचिड वाढते, गोष्टी विसरायला होतात, हाताला मुंग्या येतात. डॉक्टरांना हे ठाऊक आहे. ईसीजीच्या वेळी सांग, लपवू नकोस. काही दिवस चालू पॅनेलजवळ जाऊ नकोस, वायर ओढायचं काम कर. भीती ओसरेल. ओसरली की मला तुझी जास्त काळजी वाटेल.

मी हट्टी आहे हे तुला लोकांनी सांगितलं असेलच. लाइनवर माझा एक सोबती होता, माझ्याहून हुशार. परमिट घेतलेलं, सप्लाय बंद केल्याचा निरोप आलेला, सगळं रीतसर. पुढे कुणीतरी जनरेटर चालू केला. त्याला चेंजओव्हर स्विच (जनरेटर चालू करताना बाहेरची लाइन तोडणारा) नव्हता. करंट उलटा ट्रान्सफॉर्मरमधून वर चढला आणि मेलेली म्हणून सांगितलेली लाइन जिवंत झाली. निरोप खोटा नव्हता. निरोप दिला तेव्हा लाइन खरोखर बंद होती. कामाच्या जागी दोन्ही बाजूंना लाइन अर्थ केलेली असती, तर तो घरी गेला असता.

त्यानंतर कुणाच्याही शब्दावर मी तारेला हात लावलेला नाही. साहेबाच्या नाही, मित्राच्या नाही. माझं कुलूप मेन स्विचला आणि किल्ली माझ्या खिशात. कामं उशिरा झाली, ठेकेदारांनी परत बोलावलं नाही. एक मुलगा होता माझ्या हाताखाली, तुझ्यासारखाच, सांधा असा करायचा की बघत राहावं. त्याने घाई म्हणून दुसऱ्याचं कुलूप पक्कडीने तोडलं. मी त्याला सगळ्यांसमोर साइटवरून घालवून दिलं. त्याने हा धंदाच सोडला, आजही माझ्याशी बोलत नाही. त्याच्या हाताची आठवण येते आणि वाईट वाटतं. पण त्या कुलपाच्या पलीकडे एक माणूस बसबारवर, म्हणजे सप्लाय वाटणाऱ्या उघड्या पट्ट्यांवर, वाकलेला होता. चारचौघांत बोललो नसतो तर बाकीच्यांनी ती घाई शिकली असती. आजही मी तेच करीन. तुला हे कठोर वाटत असेल तर वाटू दे.

तुझ्या सोबत्याने तुला हाताने ओढायचा प्रयत्न केला, हे वाचून अंगावर काटा आला. तोही चिकटला असता. आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर सारायची, तीही फक्त घरगुती व्होल्टेजला. मोठ्या लाइनच्या जवळही जायचं नाही. सुटलेला माणूस श्वास घेत नसेल तर कुणाला तरी मदतीला फोन करायला लावून लगेच छातीच्या मधोमध दाबायला लागायचं, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. ही विद्या आपल्याच धंद्यातून डॉक्टरांकडे गेली आहे. विल्यम कौवेनहोवेन हे विद्युत अभियंता. शॉकने मरणाऱ्या लाइनमनांसाठी त्यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये वर्षानुवर्षं काम केलं आणि १९६०मध्ये डॉक्टर सोबत्यांबरोबर छाती बाहेरून दाबण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती तुमच्या टोळीत एकालाही येत नाही, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. हे मला पटत नाही. पुढच्या कामाआधी सगळ्यांनी शिका, मिस्त्रींनीही.

बाकी, स्विच बंद केल्यावरही जिवंत राहणाऱ्या गोष्टी तुला माहीत आहेतच: इन्व्हर्टरचं आउटपुट, उजेडात असलेलं सोलर पॅनेल, मायक्रोवेव्हचा कपॅसिटर. माहीत असूनही मोज.

आणि तो न्यूट्रल अजून तसाच आहे. तू घरी आहेस, डीबी तिथेच आहे, उद्या दुसरा कुणी एमसीबी बंद करून तोच सांधा उघडेल. हे पत्र वाचून झाल्यावर मिस्त्रींना फोन कर आणि डीबीच्या दारावर ठळक लिहून लावायला सांग: दोन सर्किटांचा न्यूट्रल एकच आहे, मेन बंद केल्याशिवाय उघडू नये. मग मालकाला सांगून दोन्ही न्यूट्रल वेगळे करून घ्या. मेन बंद करून, तिथे कुलूप लावून, आणि प्रत्येक टोक सुटल्यावर मोजून.

तुझा,
काका