पहिला रोल घालण्याआधी

अभिनंदन रे! निकॉन एफएम२/टी हा फिल्म कॅमेरा, तोही १९९४ च्या ‘इयर ऑफ द डॉग’ आवृत्तीतला, म्हणजे ३०० मधला एक. पण कपाटात ठेवू नकोस, वापर. यंत्र पडून राहिलं की आखडतं. कॅमेरा पूर्ण यांत्रिक आहे. बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागते, ती संपली तरी शटर चालतं.

शटर दबत नाही म्हणालास ना? बिघाड नाही. फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर थोडा बाहेर ओढ. त्यानेच कुलूप उघडतं, मग शटरचं बटण हलकंच दाबलं की मीटरही जागा होतो.

नवखे इथे चुकतात:

- रोल नीट अडकतच नाही. लिव्हर फिरवताना डावीकडची रिवाइंडची खुंटीही फिरायला हवी. ती हलली नाही, तर फिल्मही जागची हललेली नाही. तलावपाळीवरचे माझे ३६ फोटो असेच गेले. मनात मात्र सगळे झकास आले होते!
- फिल्मचा आयएसओ, म्हणजे ती उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, डायलवर लावायला विसरतात.
- शटरच्या पात्यांना बोट लावतात. अजिबात नको.

सुरुवातीला आयएसओ ४०० चा साधा रोल घे. लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/१६ आणि शटर १/५०० सेकंद. ढगाळ असेल तर एफ/८. येऊरच्या झाडीत मीटरचंच ऐक.

आणि आपला ठाण्याचा पावसाळा! लेन्सला बुरशी धरते. चामडी केसमध्ये नको, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेव. झोन सिस्टिम (उजेड-सावलीच्या छटांवरून एक्स्पोजर ठरवायची पद्धत) वगैरे नंतर बघू. पहिला रोल धुऊन आला की निगेटिव्ह घेऊन ये.