चार सेंटिमीटरचा तडा आणि दोन लाख ऐंशी हजारांची सायकल

प्रश्न: मी कोथरूडला राहतो, वय ३६, आयटीत नोकरी. हातात १ लाख १८ हजार पगार येतो. घराचा हप्ता ३६ हजार, घरखर्च ५५ हजार, आणि १५ हजारांची एसआयपी (त्यातली १० हजारांची मुलीच्या शिक्षणासाठी, ती आता चार वर्षांची आहे). बँकेत एफडी धरून १ लाख ९० हजार आहेत. २०२२ मध्ये मी वापरलेली कार्बन हार्डटेल एमटीबी (कार्बन फायबरच्या फ्रेमची, फक्त पुढे शॉक असलेली डोंगरी सायकल) १ लाख ६५ हजारांना घेतली. गेल्या महिन्यात वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूच्या उतारावर मागचं चाक घसरलं आणि सायकल दगडावर आपटली. डाव्या चेनस्टेला (पेडलच्या सांध्यापासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) मधोमध चार सेंटिमीटरचा तडा गेलाय. बंगळुरूच्या एका दुरुस्तीवाल्याने फोटो पाहून २२ हजार सांगितले, एक वर्षाची लेखी हमी. दुकानदार म्हणतो ॲल्युमिनियमची फ्रेम ५८ हजारांना घ्या, बाकीचे पार्ट तेच बसतील. माझ्या मनात मात्र २ लाख ८० हजारांची नवी सायकल भरली आहे. ४० हजार रोख आणि २ लाख ४० हजारांचं पर्सनल लोन, १५ टक्के, दोन वर्षं. हप्त्यासाठी मुलीची एसआयपी दोन वर्षं थांबवली तर? एक मित्र माझी सायकल, आहे तशीच, ६० हजारांना मागतोय. आणि घराजवळ गाड्यांचे बंपर जोडणारा आहे, तो अडीच हजारांत करून देतो म्हणतो. बायको म्हणते, दुरुस्त केली आणि परत तडा गेला तर? १ लाख ६५ हजार घातलेली वस्तू अशी सोडवतही नाही.

उत्तर: सगळ्यात आधी ते १ लाख ६५ हजार डोक्यातून काढा. ते २०२२ मध्येच गेले, आणि त्यांच्या बदल्यात तुम्ही इतकी वर्षं टेकड्या पालथ्या घातल्यात. आज तुमच्या गॅलरीत उभी आहे ती ६० हजारांची वस्तू. तिच्यात आणखी पैसे घातले तर काय हाती लागेल, एवढाच हिशेब करायचा आहे.

बंपरवाल्याचा विषय एका ओळीत संपवतो: नको. त्याच्याकडे काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन असतं, तुमची फ्रेम कार्बन आणि इपॉक्सीची आहे. बंपर तुटला तर रस्त्यावर पडतो, चेनस्टे तुटली तर तुम्ही पडता.

आता नवी सायकल. २ लाख ४० हजार, १५ टक्के, २४ महिने म्हणजे हप्ता ११,६३७ रुपये. दोन वर्षांत नुसतं व्याज ३९ हजारांच्या वर. म्हणजे जी दुरुस्ती तुम्हाला महाग वाटते आहे, तिच्यापेक्षा जास्त रक्कम व्याजापोटी जाणार. तुमच्याच आकड्यांप्रमाणे सगळं भागवून महिन्याला १२ हजार उरतात. हप्ता गेला की ३६३ रुपये. त्यात ब्रेकचे पॅडही येणार नाहीत. म्हणून तुमची नजर मुलीच्या एसआयपीवर गेली, हे समजतं. त्या २४ हप्त्यांची ती अठरा वर्षांची होईपर्यंत किती रक्कम झाली असती? १० टक्के परतावा धरला तर साधारण सव्वाआठ लाख. असे आकडे दाखवून लोकांना घाबरवणं आमच्या धंद्यात फार चालतं, आणि १० टक्क्यांची हमी मी देऊ शकत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. तुमच्याकडे घराचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ९१ हजार लागतात, आणि शिल्लक जेमतेम दोन महिन्यांची. आयटीत नोकरी म्हणता. अशा वेळी डोक्यावर आणखी एक कर्ज, तेही हौसेसाठी, आणि त्याच्या डाउन पेमेंटचे ४० हजार बहुधा त्याच एफडीतून. ही सायकल तुम्ही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. निदान आत्ता तरी.

दुकानात 'जीएसटी कमी झालाय, आत्ताच घ्या' असं ऐकवतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे खरं. पण तो पुढच्या वर्षी घेणाऱ्यालाही तेवढाच लागणार आहे. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणाले तर रोखीची किंमत आधी विचारा. व्याजाएवढी सूट तिथे बहुतेक वेळा रोखीवर मिळू शकत असते, शिवाय प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच खिशातून जातो.

ॲल्युमिनियमचा पर्याय वरवर शहाणपणाचा दिसतो. मलाही आधी तोच बरा वाटला होता. पण 'बाकीचे पार्ट तेच बसतील' हे वाक्य दुकानदाराकडून कागदावर घ्या. तुमच्या सायकलचा मागचा हब (चाकाचा मधला तुंबा) १४२ मिलिमीटरचा आहे की १४८ चा? आजच्या बहुतेक एमटीबी फ्रेम १४८ मिलिमीटरच्या, म्हणजे बूस्ट असतात. तुमचा हब १४२ चा निघाला, तर मागचं चाक नवीन बांधावं लागेल किंवा ॲडॉप्टरची कसरत करावी लागेल, आणि क्रँकची (पेडलच्या दांड्यांची) चेनलाइनही, म्हणजे चेन सरळ चालेल अशी जागाही, जुळवावी लागेल. जुन्या फ्रेमला प्रेसफिट (दाबून बसवलेला) बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या सांध्यातला बीबी, आणि नव्या फ्रेमला थ्रेडेड (आट्यांचा), असं असेल तर बीबी नवा. सीटपोस्टचा (सीटच्या दांड्याचा) व्यास ३०.९ चा ३१.६ झाला तर तोही नवा किंवा शिम (पातळ नळकांडं) घालायचा. हेडसेट (हँडल फिरवणारे बेअरिंग) तर बहुधा बदलतोच. ५८ हजारांची फ्रेम मजुरी धरून ८० हजारांपर्यंत कशी जाते ते कळतसुद्धा नाही. सगळं जुळतं असं मोजून सिद्ध झालं, तर हा पर्याय वाईट नाही. पण तो दुसऱ्या नंबरवर.

म्हणजे दुरुस्ती. तिचेही २२ हजार हे अर्धवट सत्य आहे. सायकल पूर्ण उघडून नुसती फ्रेम पाठवायची, खोका, जाण्या-येण्याचं कुरिअर, परत आल्यावर जोडणी, काढताना खराब झालेला बीबी. मी हे ३१ हजार धरतो. आता मित्राचे ६० हजार आठवा. बाजारात विचारून पाहा: तुमच्यासारखी धडधाकट सायकल आज सव्वा लाखाच्या आसपास जात असेल, तर तडा सांगून विकलेली दुरुस्त सायकल ९० हजारांना जायला हरकत नाही. ३१ घातले, ३० वाढले. उद्या तुमचं मन बदललं आणि विकायची ठरवलीत तरी दुरुस्तीचे पैसे जवळजवळ वसूल आहेत, आणि मधल्या काळातल्या राइड फुकटात पडल्या. वर्षाला सत्तर राइड धरल्या आणि फ्रेम तीनच वर्षं टिकली तरी राइडमागे दीडशे रुपये. कर्वे रोडवर दोघांचा नाश्ताही त्यात होत नाही.

विकताना तडा सांगायचाच. लपवून विकलेल्या कार्बन फ्रेमवर उद्या दुसरा कोणी बसणार आहे.

पण या सगळ्याला एक अट आहे आणि ती पैशांची नाही. तडा जिथे दिसतो तिथेच थांबलाय का, हे बघायला हवं. कार्बन लोखंडासारखा वाकून इशारा देत नाही. वरचा रंग जेमतेम चिरलेला असतो आणि आतले थर एकमेकांपासून सुटलेले असतात. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसंच इथे. दहाचं नाणं घ्या, पंखा बंद करा, चेनस्टेच्या चांगल्या भागावर हलकेच टकटक करत तड्याकडे सरका. चांगल्या कार्बनचा आवाज कोरडा, खणखणीत येतो. जिथे तो बसतो, ओल्या लाकडावर मारल्यासारखा थप्प येतो, तिथे पेन्सिलीने खूण करा. तडा चार सेंटिमीटरचा असला तरी खुणा सात-आठ सेंटिमीटरवर गेलेल्या दिसतात, असं होतं. मग हेच उजव्या चेनस्टेवर करून ताडून पाहा, कारण भिंतीची जाडी बदलली तरी आवाज बदलतो. ही झाली घरगुती चाचणी. तिच्या भरवशावर टेकडी उतरायची नाही. दुरुस्तीवाल्याकडे अल्ट्रासाउंडने तपासायची सोय आहे का विचारा, आणि फ्रेम त्याच्या हातात पडल्यावर अंतिम आकडा मागा. फोटोवरून दिलेला भाव हा अंदाज असतो.

तुमचं नशीब एवढं की तडा नळीच्या मधोमध आहे. तिथे खराब भाग घासून काढता येतो, कडा उतरत्या करून कार्बनचे नवे थर इपॉक्सीत बसवता येतात, दाब आणि उष्णता देऊन ते पक्के करता येतात. नीट केलेली अशी जागा मूळ फ्रेमइतकी भक्कम होऊ शकते. तोच तडा बॉटम ब्रॅकेटच्या खोबणीत, हेडट्यूबवर (हँडलखालच्या नळीवर) किंवा मागच्या ॲक्सलच्या तोंडाशी असता, तर मी इतक्या सहज 'करा' म्हणालो नसतो. तुमच्या खुणा बीबीपर्यंत पोचल्या तर दुरुस्तीचा विषय सोडा आणि ॲल्युमिनियमकडे वळा. त्याच आपटण्यात हँडलबार कार्बनचा असेल आणि त्यालाही मार बसला असेल, तर तो दुरुस्त करत बसू नका, बदला. हात तिथेच टेकलेले असतात.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. २०१९ मध्ये गाडीच्या कॅरिअरवर माझ्या रोड बाइकचा सीटस्टे (सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणारी नळी) दाबला जाऊन तडकला. दुरुस्तीवाल्याने तीन आठवडे सांगितले, लागले नऊ. फ्रेम परत आली तेव्हा मूळचा काळा चकचकीत होता आणि दुरुस्तीचा काळा पाटीसारखा. रंगाचे वेगळे साडेचार हजार घेतले होते. तो सीटस्टे आजही ठणठणीत आहे, पण त्यातून दोन गोष्टी शिकलो. एक, तारीख कागदावर घ्यायची आणि अर्धेच पैसे आगाऊ द्यायचे. दुसरी, रंग करूनच घ्यायचा नाही. नुसतं क्लिअर लॅकर मारून द्या म्हणायचं. लॅकर हवंच, कारण उन्हाने इपॉक्सी खराब होतं. पण रंगाचे पैसे वाचतात, जोडाची जागा दर राइडनंतर डोळ्यांनी तपासता येते, आणि उद्या विकताना गिऱ्हाइकाला समोर दाखवता येते. लॅकर मारायच्या आधीचे, घासलेल्या जागेचे आणि थर बसवतानाचे फोटोही मागा. जो द्यायला कां-कूं करेल त्याच्याकडे फ्रेम पाठवू नका.

कंपनीच्या आजीवन हमीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मित्रमंडळी सुचवतीलच. ती बहुतेक ब्रँड पहिल्याच मालकाला देतात, आणि ती बनावटीतल्या दोषाला असते, दगडाला नाही. आपटलेल्या फ्रेमच्या बदल्यात सवलतीत नवी देण्याची योजना काही कंपन्यांची असते, तीही पहिल्या मालकासाठीच. मूळ मालकाच्या बिलावर त्याच्या नावाने दावा करण्याचा विचार मनात येईल. तो सरळसरळ खोटा दावा आहे, मी त्यात नाही.

एक गोष्ट सायकलपेक्षा महत्त्वाची. या वेळी फ्रेम तडकली, कॉलरबोन वाचलं. आरोग्य विम्यात साहसी खेळांचं जे नेहमीचं कलम असतं, ते व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांपुरतं आहे, रविवारच्या हौशी राइडला ते लागू नये. वैयक्तिक अपघात विम्याची कलमं मात्र कंपनीगणिक वेगळी असतात आणि शर्यतीतली दुखापत कितीतरी पॉलिसींत वगळलेली असते. तुम्ही शर्यती करत असाल तर पॉलिसीचं ते पान आज रात्रीच काढून वाचा. टर्म इन्शुरन्सचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. घराचं कर्ज आणि चार वर्षांची मुलगी असताना तो नसेल, तर तो आधी घ्या. फ्रेम महिनाभर थांबू शकते.

पैसे कुठून आणायचे? एफडीला हात लावायचा नाही, कार्डावर टाकून थकवायचे तर अजिबात नाहीत. थकलेल्या रकमेवर कार्डवाले महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज लावतात. दरमहा १२ हजार उरतात तेच पुरतील. या महिन्यात कुरिअर आणि अर्धी आगाऊ रक्कम, फ्रेम परत यायच्या वेळेला उरलेली, जोडणी तिसऱ्या पगारात. नाहीतरी फ्रेम महिना-दीड महिना बंगळुरूलाच असणार. त्यानंतर त्या १२ हजारांतले आठ हजार शिल्लक वाढवायला आणि चार हजार वेगळ्या आवर्ती ठेवीत, सायकलच्या नावाने. एसआयपी दोन्ही चालू राहतील.

आणि घरातून आलेला प्रश्न: परत तडा गेला तर? वर्षाच्या आत त्याच जागी गेला, तर हमी आहे, म्हणून ती लेखी हवी आणि त्यात 'त्याच जागी' म्हणजे किती सेंटिमीटर हेही लिहून घ्या. नंतर गेला किंवा दुसरीकडे गेला, तर या फ्रेमवर दुसऱ्यांदा पैसे घालायचे नाहीत. दीड वर्षात त्या ठेवीत ७२ हजार जमलेले असतील. तेव्हा हबचं माप घेऊन ॲल्युमिनियमच्या फ्रेमसाठी दुकानात जा, रोख घेऊन.